शेवटची मूठ

रोरी, ते दार नीट ओढून घे. वाऱ्याचं काही नाही. पण दार किलकिलं राहिलं की कुत्रा सारखा उठून बघतो, आणि कुत्रा उठून बघायला लागला की माझं सांगण्यात लक्ष लागत नाही. वीज आता सकाळपर्यंत यायची नाही. तारा जोडणारी माणसं पलीकडच्या किनाऱ्यावरून येतात, आणि आज बोट सुटलेली नाही. तेव्हा बसा शेकोटीजवळ, आणि ते फोन खिशात घाला. तोंडावर निळा उजेड पाडून बसलात की तुम्हीच भुतांसारखे दिसता.

कात्रीना, तू हसलीस ते मला अंधारातही कळतं. मान्य आहे, तुझा मामा चारातल्या तीन गोष्टी फुगवून सांगतो. वीस वर्षं या बेटावर टपाल वाटणाऱ्या माणसाजवळ दुसरं असतं काय? पण ही त्यातली चौथी समज.

लाखी तुम्हाला माहीत आहे. आर्डवालच्या टोकाला, समुद्राकडचं शेवटचं घर. दुकानात भेटला तर हवेबद्दल बोलतो, तेही हवेने आधी विषय काढला तर. हे त्याने मला एकदाच सांगितलं, माझ्या टपालाच्या गाडीत बसून, समोरच्या काचेकडे बघत. त्याला विचारायला जाऊ नका. तो नाही म्हणेल, आणि मग मीच खोटा ठरेन.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या मार्चमध्ये दोलिना गेली. लाखीची बायको. आजारी वगैरे काही नव्हती. गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आली, दारातल्या पायरीवर टेकली, आणि उठली नाही. बादली मात्र सरळ ठेवली होती. थेंब सांडला नव्हता.

लाखीने सगळं व्यवस्थित केलं. पाद्र्यांना निरोप, पेटी, चहा, आलेल्या प्रत्येकाचे आभार. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मला तसं वाटलं नाही. हिवाळ्यात ओहोटीला खडकांवरून गोगलगाई वेचायला गेलायत ना तुम्ही? सुरुवातीला बोटं नुसती ठणकतात. मग ठणका थांबतो. तेव्हा आपण खूश होतो, भराभर वेचायला लागतो, आणि घरी आल्यावर कळतं की नख उखडलंय आणि आपल्याला पत्ताच नाही. लाखी ठणका थांबल्यानंतरच्या वेळेत होता. सहा-सात महिने.

गाय वेळेवर दोहायचा. चर्चला वेळेवर जायचा. सकाळी दोन कप काढायचा आणि एक परत ठेवायचा. त्यात उसासा नाही की काही नाही, नुसता कप परत फडताळात. फक्त चूल पेटवणं सोडलं. बायका भांडी भरभरून आणायच्या, आणि तो ती कुत्र्यापुढे ओतायचा. त्याचा कुत्रा त्या वर्षी इतका सुटला की मेंढ्याच त्याला हाकायला लागल्या. स्वतः लाखी उभ्याउभ्या चहात बिस्कीट बुडवून खायचा. सप्टेंबरात त्याने पँटला सुतळी बांधली, ऑक्टोबरात सुतळीची गाठ आत सरकवली. शेजारच्या मुरडोची बायको शोनाग मला फाटकापाशी म्हणाली, "हा माणूस वसंत बघायचा नाही." तिने ते हवेबद्दल बोलल्यासारखं म्हटलं. शोनाग उगाच बोलत नाही.

आणि त्याने एक पट्टी कापायची ठेवली होती.

बाकी शेत यंत्राने कापून घेतलं. घराशेजारची ओटची एक पट्टी तेवढी उभी. आम्ही आधी समजलो, आळस. पण आळस नव्हता तो. त्यांच्या घरची रीत अशी होती की ती पट्टी विळ्याने कापायची, आणि शेवटची मूठ दोघांनी मिळून. एकच विळा, त्यावर दोन हात. दोलिना डावखुरी, तिचा डावा हात विळ्याच्या दांड्याच्या टोकाला, त्याचा उजवा हात पात्याकडे. तीसेक वर्षं असं चाललेलं. आता एकट्याने ती मूठ कापायची कशी, ते त्याला सुचेना. म्हणून पट्टी उभी. ओट काळपट पडले, वाकले. गंमत म्हणजे रानहंसांनी आम्हा सगळ्यांचं शेत ओरबाडलं, पण त्या पट्टीत एक हंस उतरला नाही. पट्टीवर आले की वळसा घालून पुढे जायचे. मी गाडीतून रोज बघायचो.

आता म्हातारीचं सांगतो. तुम्ही तिला गावच्या हॉलमध्ये लटकवता, तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढता, म्हणून तुम्हाला वाटतं ती सजावट आहे. तुमच्या पणजोबांना ते वाटत नव्हतं. ज्याची कापणी आधी संपते त्याने आपल्या शेवटच्या पेंढीची म्हातारी करायची. तिला फडकं-बिडकं नेसवायचं आणि ज्याची कापणी राहिलीय त्याच्या शेतात फेकून पळ काढायचा. तो चिडतो, घाईने कापतो, आणि पुढच्याच्या शेतात फेकतो. असं करत करत जो सगळ्यांत शेवटी राहील, त्याच्या घरी ती हिवाळाभर राहते. साविनच्या आत, ऑक्टोबर सरताना मेलेले हिंडायला लागतात त्याच्या आत, तिला घर मिळालं पाहिजे. विस्तवाजवळची खुर्ची तिची. जे शिजेल त्यातला पहिला चमचा तिचा. वसंतात पहिली नांगरट झाली की तिला सोडवायचं आणि गाईला घालायचं. आणि ज्या घरात ती उपाशी राहिली, त्या घरातून वसंताच्या आत एकजण जातो. गाय, नाहीतर माणूस.

"मामा, म्हणजे शेवटच्याला शिक्षाच," रोरी म्हणतोय. शिक्षाच रे. म्हणून तर आम्ही लाखीला सूट दिली. हॉलमध्ये चहा पिताना ठरलं, सगळ्यांच्या मते. बिचाऱ्याचं घर रिकामं झालंय, त्याच्या खुर्चीत आणि पेंढ्याची बाई कुठे बसवता? लाखीच्या आधी मुरडोची कापणी संपली होती. त्याने आपल्या जवाची म्हातारी केली, शोनागने तिला जुना निळा एप्रन बांधला, आणि लाखीच्या शेतात फेकायच्या ऐवजी मुरडोने तिला आपल्या शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवली.

दया केली आम्ही. चुकलं ते तिथेच.

ऑक्टोबरची तीस तारीख, शनिवार. साविनची आदली रात्र. आणि हिवाळा लागतो म्हणून देशभर घड्याळं तासभर मागे घेतात, तीच रात्र. लाखीला त्यातलं काही डोक्यात नव्हतं. शोनागचं सुपाचं पातेलं घासून ठेवलेलं त्याला दिसलं, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी काम नाही, पातेलं घेऊन रस्त्याने फिरणंही बरं दिसत नाही, म्हणून तो अंधार पडल्यावर ते परत द्यायला निघाला. एवढंच काम.

मुरडो दारात आला.

"पातेलं कशाला आणलंस रे? हिच्याकडे इतकी भांडी आहेत की मलाच झोपायला जागा नाही."

"तिचं आहे," लाखी म्हणाला.

"सूप कसं झालं होतं?"

"चांगलं होतं."

"खरं सांग. कुत्र्याला कसं वाटलं?"

लाखीने जरा विचार केला. "त्याला मीठ जास्त वाटलं."

मुरडो खो-खो हसला आणि मध्येच थांबला. लाखी विनोद करत नव्हता. त्याला प्रश्न विचारला होता, त्याने उत्तर दिलं होतं.

मग लाखी म्हणाला, "म्हातारी कुठे आहे यंदा?"

"आहे. शेडमध्ये."

"तुझी कापणी माझ्या आधी झाली."

"झाली."

"मग ती माझ्या शेतात यायला हवी होती."

"अरे बाबा, यंदा तुला सूट. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"तिला विचारलं?"

"कुणाला?"

"म्हातारीला."

एरवी मुरडो यावर काहीतरी बोलला असता. त्या दिवशी शेडच्या दिशेने बघत त्याने आवाज खाली आणला. "लाखी, पेंढा वाळला की हलका होतो ना? मी तिला अडकवली तेव्हा एका हाताने उचलली होती. मध्यंतरी खिळा वाकला. मी जाड खिळा ठोकला. परवा तोही वाकला."

"मग?"

"मग काही नाही. मांजर तिकडे फिरकत नाही. आणि तो एप्रन... शोनाग म्हणते, पोटाशी आत ओढला गेलाय. उपाशी माणसाचा जातो तसा. मी तिला म्हटलं, तुझे डोळे तपासून घे. पण मी स्वतः काही दोन दिवस शेडमध्ये गेलेलो नाही. फावडं आत आहे, तर बटाटे हाताने उकरतोय."

"दे ती," लाखी म्हणाला.

"राहू दे रे. बघतो मी काहीतरी."

"शेवटचा मी आहे. दे."

यात त्याचं धाडस नव्हतं, हे लक्षात ठेवा. पातेलं ज्याचं त्याला द्यायचं, म्हातारी जिथली तिथे न्यायची. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. मुरडोने टॉर्च धरला. लाखीने तिला खिळ्यावरून उतरवली आणि त्याचे गुडघे थोडे वाकले.

"सोडायला येऊ का? गाडी काढतो."

"नको. जवळच आहे."

रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. डावीकडे कुंपणाची दगडी भिंत, उजवीकडे वाळू आणि समुद्र. चांदणं नव्हतं, नुसत्या चांदण्या. त्याने आधी तिला काखेत धरली. मग खांद्यावर घेतली. मग दोन्ही हातांवर आडवी, लेकराला घेतात तशी. भिंतीवर टेकवून त्याला दम खावा लागला. पुन्हा उचलली तेव्हा आणखी जड. आणि उचलताना तिनेच आपला भार नीट सावरून घेतल्यासारखं त्याला वाटलं... झोपलेलं माणूस कुशीवर वळतं ना, तसं.

"मामा, तू भिजलेल्या पेंढ्याचं वजन केलंयस का कधी?"

केलंय, कात्रीना. शेडच्या छपराखाली ती भिजली कशी, ते तू सांग. नाही ना सांगता येत? मग ऐक.

घरी येऊन त्याने तिला विस्तवाजवळच्या खुर्चीत बसवलं. त्या घरात विस्तवाजवळ दोनच खुर्च्या. एक त्याची. तिच्यापुढे ताटली ठेवली, चमचा ठेवला, आणि मग लक्षात आलं की वाढायला काही नाही. घरात होतं काय? चहा, बिस्किटांचा अर्धा पुडा, आणि ओटच्या पिठाचा डबा. दोलिना गेल्यापासून त्या डब्याचं झाकण निघालं नव्हतं. त्याने डब्याकडे बघितलं. उघडायचं मन झालं नाही.

"उद्या बघू," तो पेंढ्याला म्हणाला. रिकामी ताटली तशीच ठेवली आणि वर निजायला गेला.

झोप लागली नाही. ती त्याला तशीही लागत नव्हती. घड्याळ दोनला मागे घ्यायचं, हे मात्र पडल्यापडल्या आठवलं. दरवर्षी दोलिना जागी राहायची आणि दोनच्या ठोक्याला खाली जाऊन काटा मागे फिरवायची. आधी फिरवून झोपली तर तो तास चोरल्यासारखा वाटतो म्हणायची. तेव्हा लाखी जागा राहिला.

एक वाजून गेल्यावर खालून आवाज आला.

खर्र... खर्र...

चमचा. रिकाम्या ताटलीवर.

तो पडून ऐकत राहिला. मी विचारलं, "लाखी, तुला भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "नाही. मला वाटलं, भूक लागली असेल तिला." एवढंच. खर्र... मग थांबला तो आवाज. खुर्ची मागे सरकली. दाराची कडी.

मग काही नाही.

दोन वाजले. तो खाली उतरला. दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. ताटलीवर चमच्याचे ओरखडे, पांढरे.

त्याने आधी घड्याळ मागे घेतलं. तेच करायला उतरला होता ना. दोनचा एक केला. मग बाहेर गेला.

पट्टीतून आवाज येत होता. तुम्ही तो ऐकलेला नाही, तुमच्या जन्माच्या आधीच इथे यंत्रं आली. विळ्याचा आवाज. मूठ धरली की जरा शांतता. मग सर्र... मग शांतता. मग सर्र...

कुणीतरी वाकून कापत होतं. पाठ याच्याकडे. अर्ध्याच्या वर पट्टी झालेली. मागे पेंढ्या बांधून उभ्या. अंगावर निळा एप्रन... शोनागचा. म्हातारीला बांधलेला. लाखीला तो चांदण्यांत ओळखू आला.

पण विळा डाव्या हातात होता.

पेंढी बांधायची वेळ आली की ती आकृती ओटचीच चार काडं घ्यायची, पीळ घालायची, उलटा पीळ, डाव्या हाताचा, आणि टोक आत खोचायची. आपण सगळे उजवीकडे पिळतो. आर्डवालमध्ये उलटा पीळ घालणारी बाई एकच होती. तिला मार्चमध्ये पुरलं, आणि पेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा माणसांत मी होतो.

लाखी भिंत ओलांडून आत गेला. ओट ओले. पाय ओले.

सर्र...

सर्र...

एक मूठ उरली. पट्टीच्या अगदी टोकाला, एवढीशी. आकृती थांबली. वळली नाही. विळा धरलेला हात तेवढा बाजूला आला, त्याच्याकडे. हात दांड्याच्या टोकाला. पात्याकडे जागा मोकळी.

एका हाताची जागा.

साविनच्या सुमाराला मेलेल्यांबरोबर कामाला हात लावला की माणूस परत येत नाही. हे लाखीला माहीत होतं. आपल्या सगळ्यांना आहे. मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय. वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही. वाटलं, चला."

त्याने हात पुढे केला.

लाकडाला बोटं टेकली. गार.

आणि...

"जेवलास?"

...

आवाज दोलिनाचा होता का, मी विचारलं. लाखीने समोरची काच बाहीने पुसली. मग म्हणाला, "आवाज ओट हलल्यासारखा होता. पण प्रश्न तिचाच."

तो म्हणाला, "नाही."

समुद्र ऐकू येईना. वारा नाही. काही नाही.

विळा मागे गेला. त्याच्या बोटांतून, हळू.

"मग?"

एवढंच. मग.

आणि लाखीच्या पोटात कळ आली. आधी त्याला कळेना काय होतंय. जनावराने लाथ घातल्यासारखी कळ. तो वाकला. मग कळलं. भूक. सात महिन्यांची. आणि तिच्या मागोमाग भीती. तीही सात महिन्यांची, एकदम. केस उभे. दात वाजायला लागले. आपण कुठे उभे आहोत, कुणाजवळ... पळायचं म्हटलं तर पाय उचलेनात. भिंत त्याने रांगत ओलांडली. दार लावायचं सुचलं नाही. चूल पेटवली. काडी दोनदा विझली. डब्याचं झाकण निघेना, दातांनी काढलं. पाणी. मीठ. पीठ. ढवळत राहिला. पाठ दाराकडे.

मागे पाऊल वाजलं.

ढवळत राहिला.

खुर्ची करकरली.

ढवळत राहिला. पेज उसळून हातावर पडली. भाजलं, आणि भाजलेलं त्याला कळलं.

मग वळला.

म्हातारी खुर्चीत होती. पेंढ्याची, एप्रनमधली, जशी बसवली होती तशी. एप्रनची कड ओली. दारापासून खुर्चीपर्यंत चिखल.

त्याने पहिला चमचा तिच्या ताटलीत वाढला. अर्धा चमचा बाहेर सांडला. मग समोरच्या खुर्चीत बसून तो पातेल्यातूनच खायला लागला. तोंड पोळलं तरी थांबला नाही. पातेलं संपता संपता तो रडायला लागला. उजाडेपर्यंत रडत होता. तेवढं सांगून त्याने मला गाडी थांबवायला सांगितली आणि घर अर्धा मैल राहिलं असताना उतरून चालत गेला.

सकाळी ताटलीतली पेज तशीच होती, वाळलेली. बघा, इथे मला वाढवून सांगता आलं असतं. नाही सांगत.

पट्टी मात्र कापलेली होती. चर्चला जाताना अख्ख्या आर्डवालने बघितली. पेंढ्या रांगेत उभ्या. आणि त्या रविवारी लोकांना कसली चिंता पडली असेल? भुताची नव्हे. रविवारी काम कुणी केलं, याची. सगळ्यांनी मुरडोकडे बघितलं.

"मी?" मुरडो म्हणाला. "रविवारी? अरे, माझी आई कबरीतून उठून येईल. शिवाय माझ्याकडे विळाच नाही. फावडंसुद्धा नव्हतं परवापासून."

चर्चचे एक वडीलधारे होते, त्यांनी तोडगा काढला. घड्याळ मागे घेतल्यावर जो तास दुसऱ्यांदा येतो, तो ना शनिवारचा ना रविवारचा; त्यात केलेल्या कामाचा दोष कुणाला लागत नाही. दुसरे एक वडीलधारे म्हणाले, असं असेल तर पुढच्या वर्षी मी त्या तासात गोठा शाकारून घेतो. दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

लाखीने यातलं काही ऐकलं नाही. तो पट्टीच्या टोकाला उभा होता. ती शेवटची मूठ, जिला त्याने हात लावला नव्हता, तीही कापलेली होती. जमिनीलगत, स्वच्छ. पण ती कुठल्याच पेंढीत नव्हती. त्याने एकूण एक पेंढी सोडून बघितली. सगळ्यांचे पीळ उलटे. मूठ नाही. आणि घरी येऊन म्हातारीला उचलली, तर ती पिसासारखी हलकी.

हिवाळाभर त्याने तिला सांभाळली. आता विचार करा. तिला पहिला चमचा द्यायचा तर आधी काहीतरी शिजवायला हवं. एका चमच्यापुरतं कोण शिजवतं? पातेलंभर व्हायचं, आणि उरलेलं टाकायचं कुठे? कुत्र्याने तोवर त्याच्या पातेल्याकडे ढुंकून बघणं सोडलं होतं. लाखीचा हात शोनागसारखा नव्हता. तेव्हा तो स्वतःच खायचा. पेज, बटाटे, खारवलेला मासा. रोज संध्याकाळी, बसून. जानेवारीत त्याने पँटची सुतळी सोडली. आता तो तुम्हाला दिसतो तसा आहे. आनंदी म्हणणार नाही मी. पण परवा दुकानात कागदाने बोट कापलं तर चांगली कळवळून शिवी दिली त्याने. मी तिथेच होतो. ऐकून बरं वाटलं.

एप्रिलमध्ये पहिली नांगरट झाली. रीतीप्रमाणे त्याने म्हातारीला अंगणात आणली आणि गाईपुढे सोडवायला बसला. मुरडो आणि मी तिथे होतो. मला सही घेऊन एक पाकीट द्यायचं होतं. लाखीने एप्रन सोडला, घडी करून मुरडोजवळ दिला. वरचा जव काढला. म्हातारी मुरडोच्या जवाची, हे लक्षात आहे ना? जवाला लांब कुसळं असतात, आंधळ्यालाही हाताने कळेल. थरावर थर काढले, कुसळं आमच्या बाह्यांना चिकटली. आणि मध्ये...

मध्ये ओट होते. एक मूठ.

मुरडो म्हणाला, "हे मी घातलं नाही." त्याने हातातली एप्रनची घडी खाली ठेवली. "मी ती स्वतः बांधलीय, लाखी. माझ्याकडे ओट नाहीतच. मी गेल्या वर्षी ओट पेरलेच नव्हते."

लाखीने मूठ हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. चार काडांचा पीळ होता तिला. डावा. जव सगळा वाळून पिवळा झालेला, आणि पट्टीतले ओट तर ऑक्टोबरातच काळे पडले होते, मी म्हटलं ना. ही मूठ हिरवी होती. ऑगस्टमधल्यासारखी. दाणे दुधावर आलेले. गाईपुढे धरली तर गाय दोन पावलं मागे सरकली आणि मान खाली घालून उभी राहिली.

लाखीने ती मला दिली. म्हणाला, "तू ठेव. माझ्याकडे राहिली तर मी बघत बसेन, आणि स्वयंपाक राहील."

नाही रोरी, पेटीत नाही. उघड्यावरच ठेवलीय. तुमच्या पाठीमागे, दाराच्या वर, त्या खिळ्याला. सांभाळून, टॉर्च डोळ्यांवर नको मारूस. तीन हिवाळे झाले, या शेकोटीचा धूर खातेय ती.

जा, कात्रीना, तूच बघ. तू शहरात शिकतेस, तू सांग काय ते. दाणा नखाने दाबून बघ. येतंय दूध?

बोटं पूस. आणि दोघं आधी काहीतरी खाऊन घ्या.